विहिरीच्या मोटरीवरून समुद्रातली स्कूटर

माझं जालन्यात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे, वीस वर्षं झाली. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, आणि आता चार-पाच वर्षांपासून सोलर पंपाच्या डीसी मोटरी. माझा मावसभाऊ तारकर्लीला स्कुबा शिकवतो. मूळचा आमच्या अंबड तालुक्यातला, लहानपणी कोणाच्या विहिरीत बादली पडो, फूटव्हॉल्व्ह अडको, लोकं त्यालाच बोलवायची, नाक दाबून खाली गेला की वस्तू घेऊनच वर यायचा. पुढं तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबाचं केंद्र आहे तिथं शिकला आणि तिकडचाच झाला. मागच्या दिवाळीला आला तेव्हा दुकानात बसून मी स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, तारेनं भरतोय ते बघत होता, आणि एकदम म्हणाला, "दादा, तू आयुष्यभर पाण्याखाली चालणारी मोटर करायलास, मग मला पाण्याखाली ओढून नेणारी एक करून दे की."

त्याला पाहिजे होती डायव्हर स्कूटर. म्हणजे टॉर्पेडोसारखी एक नळकांडी, मागं पंखा, दोन्ही हातानं धरायचं, बटन दाबलं की ती पुढं आणि तिच्यामागं आपण. त्यांच्याकडं बाहेरून मागवलेली एक होती, दोन सीझनमध्ये आत पाणी गेलं आणि तेव्हापासून पडून, दुरुस्त करणारं कोणी नाही. म्हणलं बघू. मला वाटलं महिनाभराचं काम, गेले अकरा महिने.

पहिला प्रश्न हा की माणूस ओढायला ताकद किती लागते. कोणी सांगायचं? मग आमच्या मामाच्या शेततळ्यावर गेलो, ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिक टाकलेलं. भाऊ सिलिंडर, जॅकेट सगळं घालून पाण्यात आडवा, त्याला दोरी, दोरीला भाजीवाल्याचा स्प्रिंगचा ताणकाटा, आणि मी काठावरून चालायलो, तीस सेकंदात तीस मीटर म्हणजे सेकंदाला एक मीटर. काटा ८ ते ९ किलोवर. मग त्याला म्हणलं पाय जरा खाली सोड, तसं लगेच ११ च्या पुढं. तेव्हा कळालं की मोटर मोठी करण्याच्या आधी माणूस सरळ राहिला पाहिजे, आणि स्कूटर अशी पाहिजे की जी त्याला आपोआप सरळ ठेवंल. म्हणून हातानं लोंबकळण्याऐवजी ओढायची दोरी त्याच्या कंबरेच्या पट्ट्याला लावायची ठरलं, हात फक्त दिशा द्यायला. पंख्यानं मागं फेकलेलं पाणी छातीवर येऊ नये म्हणून दोरीची लांबी तीन वेळा बदलली.

हिशोब तसा सोपा. साडेआठ किलोचा ओढा, सेकंदाला एक मीटर, म्हणजे ८५ वॅटच्या आसपास खरं काम. पंखा अर्धी ताकद पाणी घुसळण्यात घालवतो, मोटर आणि कंट्रोलर अजून थोडी खातात, तर बॅटरीतून सव्वादोनशे वॅट धरून चाला. २५.६ व्होल्ट १२ अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी टाकली तर तासाच्या वर चालते आणि डाइव्ह असते चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. भाऊ म्हणाला अजून थोडी पळव. त्याला कागदावर दाखवलं, पाण्यात वेग दीडपट केला तर ताकद जवळपास साडेतीनपट लागते, दुप्पट केला तर आठपट. मग बॅटरी वाढवा, नळकांडी वाढवा, वजन वाढवा, आणि शेवटी ते दोन माणसांनी उचलायचं यंत्र होतं. एक मीटरवरच थांबलो आणि ते बरोबरच होतं.

मोटरीचं मात्र माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ही पाण्याखालची यंत्रं बहुतेक अशी बनवतात की मोटर कोरडी ठेवायची आणि शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बाहेर येतो तिथं सील मारायचं. आता सील म्हणजे रोज फिरणारी, घासणारी वस्तू, आणि जितकं खोल जाल तितकं बाहेरचं पाणी तिला आत दाबतं. आमच्या बोअरच्या मोटरीत असं नसतंच. तिच्यात आधीच पाणी भरलेलं असतं, वायरवर प्लास्टिकचं कव्हर, शाफ्ट ज्याच्यात फिरतो त्या बुशला पाण्याचंच वंगण, खाली रबरी डायफ्राम. आत पाणी, बाहेर पाणी, दाब दोन्हीकडं सारखा, मग कोण कोणाला दाबणार? अशी मोटर शे-दोनशे फूट खाली वर्षानुवर्षं चालते आणि आम्ही तिला साधी गोष्ट समजतो.

सोलर पंपाची एक जळालेली चार इंची बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशची डीसी, मोटर भंगारात होती, रोटरला चुंबकं शाबूत. ती ३००० आरपीएमची, मला पाहिजे ९०० च्या आसपास आणि २४ व्होल्टवर. स्टेटरच्या पत्र्यांचा गठ्ठा कापून अर्धा केला, रोटर तेवढाच आखूड, आणि जाड पॉली वायरनं नव्यानं भरली. सहा वेळा टर्न मोजून, बदलून, परत भरली. दोन दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून मेगर, म्हणजे वायरीचं कव्हर करंट गळू देतंय का ते तपासायचं मीटर, लावला, काटा हलला नाही, त्या दिवशी मी घरी जिलेबी घेऊन गेलो. पंखा आधी कूलरचा लावून बघितला होता, तो पाण्यात पहिल्याच झटक्याला मुडपला, पाणी हवेच्या आठशेपट जड आहे हे आकडा म्हणून वाचणं वेगळं आणि मुडपलेलं पातं हातात घेणं वेगळं. नंतर भाच्यानं कॉलेजमधल्या थ्रीडी प्रिंटरवर आठ इंची तीन पात्यांचा करून आणला, त्याच्याभोवती कडं, बोटं जाऊ नयेत म्हणूनही आणि कमी वेगाला त्या कड्यामुळं ओढा पण वाढतो. पंखा एका बाजूला फिरला की नळकांडी उलट्या बाजूला पिळते, त्याला पंख्यामागं चार स्थिर पट्ट्या आणि बॅटरी तळाशी.

आता बॅटरी आणि कंट्रोलर मात्र कोरडेच पाहिजेत. त्याच्यासाठी १६० एमएमचा पीव्हीसी पाईप घेतला, दहा किलो प्रेशरचा, अर्धा मीटर. आणि इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण आमच्याकडं सगळेच पाईपवरचा आकडा वाचून निर्धास्त होतात. तो दहा किलो आतून बाहेरच्या दाबाचा आहे. बाहेरून दाब आला की पाईप फुटत नाही, चेपतो, आणि पाईप जरासा अंडाकृती असला की लवकर चेपतो. झाकणांचं तर विचारू नका. ३० मीटर खाली बाहेरचा दाब आतल्यापेक्षा चौरस सेंटीमीटरला ३ किलो जास्त, आणि झाकणाचा आकार २०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एकेका झाकणावर सहाशे किलो. मी चिकलठाण्याच्या टर्नरला हे सांगितलं तर त्यानं अॅल्युमिनियमची जाडी स्वतःहून वाढवली.

टेस्टिंगसाठी दहा इंची लोखंडी पाईपला खाली प्लेट वेल्ड करून वर फ्लँज मारला, आत पाणी भरायचं आणि नळ फिटिंगवाल्यांचा हायड्रो टेस्टचा हातपंप लावायचा. हवा भरून टेस्ट कोणीही करू नका. पाणी दाबलं जात नाही म्हणून काही फुटलं तर फक्त फस्स होतं, हवा भरलेली असंल तर तो बॉम्ब होतो. भाऊ म्हणाला हौशी डायव्हिंगची हद्द ४० मीटर, म्हणजे ४ किलो, मग मी दीडपट धरून ६ किलोला लावायचं ठरवलं.

पहिल्या वेळी ३ किलोवर एक तास ठेवलं, काढून उघडलं तर आत दोन चमचे पाणी.

झाकणाच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, बदलल्या. खाच परत घासली, सिलिकॉन ग्रीस, नखानं चाचपून केस-बिस अडकलाय का ते बघितलं. परत दोन चमचे. तिसऱ्यांदा झाकण नवीन. परत तेवढंच. मी रात्री झोपेत पण ओ-रिंग बघायलो होतो. बायको म्हणाली पाणी दिसत नाही म्हणता ना, मग त्याच्यात नीळ टाका. कपड्याची नीळ! दुसऱ्या दिवशी टेस्टच्या पिंपात नीळ कालवली, नळकांडीत आतून सगळीकडं टिश्यू पेपर चिकटवले, दाब दिला, तासानं उघडलं. झाकणांजवळचे कागद कोरडे ठणठणीत. निळा डाग होता फक्त एका जागी, कंट्रोलरच्या टर्मिनलखाली. मोटरीकडून येणाऱ्या तीन वायरींची टोकं बघितली, तांब्याच्या तारांचा जुडगा आतून निळा झालेला.

पाणी वायरीच्या बाहेरून नाही, वायरीच्या आतून येत होतं. बारीक तारांच्या मधे जी फट असते तिच्यातून, कव्हरच्या आत, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं. आणि ते माझ्याच निर्णयामुळं होतं, मोटर पाण्यानं भरलेली, म्हणजे तिच्याकडं बाहेरचा पूर्ण दाब, नळकांडीत दाब नाही, आणि दोघांना जोडणारी वायर म्हणजे एक बारीक पाईपच झाली. बोअरमध्ये हे कधी दिसत नाही कारण तिथं वायरीचं दुसरं टोक जमिनीवर असतं. मग वायर कापून मधे पितळेचे भरीव खिळे टाकले, तारा सोल्डरनं पूर्ण भरून घेतल्या, आणि ते सगळं इपॉक्सीत गाडलं. ६ किलोवर रात्रभर ठेवलं. सकाळी कागद कोरडा. मी तो कागद अजून गल्ल्यात ठेवलाय.

शेततळ्यातली पहिली खरी चाचणी फेब्रुवारीत झाली आणि ती वाईट झाली. बटनासाठी भोक नको म्हणून आत रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की आतल्या पत्त्या जुळणारा स्विच, आणि बाहेर ट्रिगरला चुंबक असं केलं होतं, ही कल्पना चांगलीच आहे, पण मी त्या रीड स्विचमधून गरजेपेक्षा जास्त करंट नेला. भावानं दाबलं, स्कूटर सुटली, आम्ही काठावर टाळ्या वाजवायलो, आणि समोरचा काठ आला तरी ती थांबंना. त्यानं ट्रिगर सोडलेला होता. आत स्विचच्या पत्त्या चिकटून बसल्या होत्या. दोरी कंबरेला अडकवलेली, स्कूटर त्याला घेऊन प्लास्टिकच्या उतारावर चढायली, शेवटी त्यानं एका हातानं कंबरेची कडी काढली आणि ती स्वतःच काठावर जाऊन हवेत पंखा फिरवत पडली. त्याला खरचटलं फक्त. पण तो वर येऊन काही बोलला नाही, डोकं पुसत बसला, आणि मग म्हणाला, "दादा, समुद्रात हे वरच्या दिशेला झालं असतं तर?"

तोपर्यंत मी पाणी, दाब, करंट एवढाच विचार करायलो होतो. माणसाचा नाही. त्या संध्याकाळी त्यानं मला नीट समजावलं. १० मीटर खाली फुप्फुसात जी हवा भरली ती वर येईपर्यंत दुप्पट होते, श्वास रोखून कोणी वर आला तर फुप्फुस फाटतं. म्हणून वर यायचं ते सावकाश, मिनिटाला ९ मीटर, श्वास सोडत. आता माझी स्कूटर सेकंदाला एक मीटर, म्हणजे मिनिटाला ६० मीटर. नवखा माणूस, तोंड वर झालं, घाबरून ट्रिगर आवळून धरला, तर ही वस्तू त्याला सहा-सातपट वेगानं वर नेणार. मी मजेसाठी म्हणून जे करत होतो ते तसंच दिलं असतं तर कोणाचा तरी जीव गेला असता.

तिथून पुढचे सगळे महिने स्कूटर चालण्यावर नाही, थांबण्यावर गेले. रीड स्विच काढून हॉल सेन्सर टाकला, तोही चुंबकच ओळखतो पण त्यात चिकटायला पत्त्या नसतात. शिवाय दुसरं एक चुंबक दोरीनं मनगटाला, ते निघालं की मोटर बंद, म्हणजे माणूस सुटला तर यंत्र पुढं जाणारच नाही. कंबरेची कडी एका हातानं, हातमोजा घालून, डोळे मिटून निघाली पाहिजे, हे मी बायकोकडून, भाच्याकडून, मामाकडून सगळ्यांकडून करून घेतलं. भाच्यानं दाबाचा सेन्सर बसवला, दाब मीटरला ०.१ बार, म्हणजे साधारण ०.१ किलो, बदलतो, दहा सेकंदात दीड मीटरपेक्षा जास्त वर आला की मोटर थांबते, मग ट्रिगर कितीही दाबा.

आणि वजन. सोडल्यावर स्कूटर वर पळाली तर माणसाला खेचते, खाली गेली तर माणूस तिच्यामागं खाली जातो. जिथं सोडली तिथंच राहिली पाहिजे. आमची सगळी मिळून १४ लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे वजन बरोबर १४ किलो पाहिजे. पण समजा नळकांडीत पाणी शिरलंच तर? बॅटरी सोडून आत ४ लिटर जागा रिकामी होती, म्हणजे एकदम ४ किलो जड होणार. ती जागा पॅकिंगच्या, पाणी न पिणाऱ्या फोमनं भरून काढली, आता दीड किलोच्या वर वाढत नाही, तेवढं पोहता येतं. कंट्रोलरची गरमी जायला तो झाकणाच्या अॅल्युमिनियमला चिकटवला.

हे जुळवायला विहीर बरी. मामाच्या मोसंबीच्या बागेतली, सात परस, पाणी तीस-बत्तीस फूट. नाथसागरात जाऊ असं भाचा म्हणत होता पण तिथं मासेमारीची जाळी, गढूळ पाणी, आणि ते पक्षी अभयारण्य, नको म्हणलं. विहिरीत पण नियम केले. मोटरीच्या स्टार्टरचा फ्यूज काढून मामाच्या खिशात, तो तिथून हलणार नाही. भावाबरोबर त्याचा एक साथीदार पाण्यात, वर दोरी धरून आम्ही दोघं. भाऊ खाली जायचा, स्कूटर सोडायचा, बोटानं खूण करायचा, आम्ही शिशाच्या चकत्या कमी-जास्त करायचो. पन्नास ग्रॅम इकडं, तीस तिकडं, नाक जरा वर येतंय, मागं सरकव. दुपारी दोनला तो वर आला आणि म्हणाला, सोडली आणि मी दहापर्यंत मोजलं, हलली नाही.

नोव्हेंबरात तारकर्लीला गेलो, पाऊस संपल्यावर पाणी निवळतं तेव्हा. गोड्या पाण्यात जुळवलेलं यंत्र समुद्रात वर येणार हे माहीत होतं, खारं पाणी अडीच टक्के जड, १४ लिटरला ३५० ग्रॅम, तेवढं शिसं दुकानात ओतून चकत्या करून नेल्या होत्या आणि त्या लावल्यावर ती तिथंही जागच्या जागी उभी राहिली. खाऱ्या पाण्यानं दुसरीकडं धरलं. तिसऱ्या दिवशी झाकणाच्या स्टीलच्या बोल्टभोवती पांढरी भुकटी. स्टील आणि अॅल्युमिनियम शेजारी शेजारी आणि मधे मीठ, म्हणजे बॅटरीच तयार झाली, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. नायलॉनचे वॉशर टाकले, एक जस्ताचा तुकडा लावला म्हणजे झाकणाऐवजी तो झिजंल, आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुणं. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले होते ते बरं, ३०४ असते तर त्यांनाही डाग पडले असते.

भावानं अजून एक नियम घातला, तो मला सुचलाच नसता. स्कूटर जेवढं लांब नेते तेवढं पोहत परत येता आलं पाहिजे, टाकीतल्या हवेत. म्हणून बॅटरी तासभराची असली तरी दहा मिनिटांच्या पुढं सरळ लांब जायचं नाही, बोटीभोवतीच.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, दादा तू पण चल. मी आयुष्यभर मोटरी खाली सोडल्या, पण त्यांच्याबरोबर कधी गेलो नव्हतो. नवशिक्यानं स्कूटर चालवायची नसते, ती त्यानं धरली, मी त्याच्या जॅकेटचा पट्टा, आणि एक जण माझ्याबाजूला. सहा मीटर. आधी कान दुखले, नाक दाबून मोकळे केले, मग खाली खडक, छोटे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि त्यानं ट्रिगर दाबला.

दुकानात मी बेअरिंग कसं तपासतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला. इथं काही लावायची गरजच नव्हती. आवाज सगळीकडून आला, डावीकडून का उजवीकडून ते कळंना, जणू माझ्या डोक्यातच मोटर चालू झाली. आणि त्या गुणगुण आवाजात मला एक बारीक खर्र ऐकू आलं, फेऱ्यागणिक एकदा. भावाला काहीच कळालं नाही, तो अंगठा-बोट जुळवून मला विचारायला, ठीक ना, मी हात हलवत होतो, नाही, नाही, आणि तो घाबरून मला वर घेऊन आला, सावकाश, मिनिटाला नऊ मीटरनंच.

बोटीवर मास्क काढून पहिलं वाक्य मी बोललो ते मागच्या बुशचं. किनाऱ्यावर येऊन मोटर उघडली, पांढऱ्या फडक्यावर बुश ठेवला, भिंगातून बघितला. कार्बनवर एक केसासारखा चरा आणि चऱ्याच्या टोकाला रुतलेला वाळूचा एक कण. बोअरच्या मोटरीला वरती शाफ्टवर रबरी सँड गार्ड असतो, तो मी आपली मोटर आडवी चालणार, लागत नाही म्हणून काढून टाकला होता. जालन्याला फोन लावला, दुकानातल्या पोराला म्हणलं डाव्या रॅकच्या तिसऱ्या डब्यात चार इंचीचे गार्ड आहेत, त्यातले दोन आजच्या ट्रॅव्हल्सनं पाठव.